राक्षसाची दाढ

आमच्या घरात शांतता झाली की वीज गेली असं समजायचं. सोलापुरात भवानी पेठेत रस्त्याच्या तोंडाशी आप्पांची पिठाची गिरणी होती आणि तिच्या पाठीला लागून आमच्या दोन खोल्या. सकाळी आप्पांनी खटका दाबला की पट्टा फटफटत फिरू लागायचा, मधली भिंत थरथरायची आणि फळीवरची पितळी भांडी एकमेकांना लागून दिवसभर किणकिणत राहायची. मागच्या गल्लीतले यंत्रमागही त्याच सुमाराला सुरू व्हायचे. या सगळ्यावर आवाज चढवून बोलायची आम्हाला इतकी सवय झाली होती की परगावच्या पाहुण्यांना घरात भांडण चाललंय असं वाटायचं. आजही माझ्याशी बोलताना माणसं फोन कानापासून वीतभर लांब धरतात. पीठ सगळीकडे असायचं. उंबऱ्यावर, दोरीवरच्या कपड्यांवर, आईच्या भुवयांवर. आम्ही तिघं कधी एकत्र जेवायचो नाही, कारण गिरणीवर कुणीतरी बसावं लागायचं. माझी पाळी दुपारची. भाकरीवर शेंगांची चटणी घेऊन मी तिथंच खायची, आणि दगड गुळगुळीत होऊन पीठ गरम पडायला लागलं की आप्पांना हाक मारायची. मग आप्पा चक्की उघडून, मांडी घालून, छिन्नीनं दगडांना टाकी मारत बसायचे. घासून गेलेल्या खाचा पुन्हा खोल करायच्या. बारीक पिठाला खाचा जवळजवळ, भरड्याला लांब लांब. हे मला अक्षरं येण्याआधीपासून ठाऊक होतं.

त्या वर्षी मात्र मला एका जागी बसवत नव्हतं. बी.एस्सी.चं शेवटचं वर्ष होतं. अक्कलकोटचं एक स्थळ आलेलं, कापडाच्या दुकानाचं, माणसं चांगली, फक्त त्यांना लग्न परीक्षेच्या आधी उरकायचं होतं. सून पदवीधर असलीच पाहिजे असा त्यांचा आग्रह नव्हता. माझ्या डोक्यात पुणं होतं. पुढं शिकायचं, एवढंच कळत होतं. काय शिकायचं हे सांगता आलं नसतं. वेणी घालायला घ्यायची आणि अर्धी टाकून गच्चीवर जायचं, गच्चीवरून खाली यायचं, पुस्तक उघडायचं आणि मिटायचं, असं चाललेलं. आई म्हणायची, "इंदे, पायाला भिंगरी बांदलीया का तुज्या? बस की जरा." बसले तर पाय हलत राहायचे.

त्यात कॉलेजात उत्क्रांतीचा भाग सुरू झाला. आम्हाला प्राणिशास्त्र शिकवायला शेख सर नुकतेच आले होते. सोलापूरचेच, उंच, सडपातळ, बोलताना खडू बोटांत फिरवत राहायचे. त्यांनी फळ्यावर घोड्याचे पाय काढले, चार बोटांपासून एका खुरापर्यंत, आणि म्हणाले की घोडा असा असा होत गेला. बाकीच्यांनी ते उतरवून घेतलं. माझ्या मनाला ते पटेना. घोडा म्हणजे टांग्याला जुंपलेला, शेण टाकणारा, जिवंत घोडा. तो आधी कुत्र्याएवढा होता हे फळ्यावरच्या चित्रावरून कसं मानायचं? मी उभी राहिले आणि विचारलं, "सर, हे होताना कुणी बघितलंय?"

"कुणीच नाही," सर म्हणाले. "बघितलं असतं तर पुरावा कशाला लागला असता?"

वर्ग हसला. मी बसले, पण ते उत्तर मला पुरलं नाही. पुढचे कितीतरी दिवस मी मनातल्या मनात त्यांच्याशी भांडत होते. भाजी निवडताना, दळण तोलताना. कुणी बघितलं नाही ते आपल्याला कळतं कसं, हा प्रश्न एकदा आत शिरला की माणसाला स्वस्थ बसू देत नाही. मला अजूनही देत नाही.

संक्रांत होऊन गेली होती. एका सकाळी शिदूमामा दारात उभा राहिला. माझ्या आईचा धाकटा भाऊ. मंद्रूपच्या पलीकडं सीनेच्या काठाला त्याची शेती. एरवी यायचा तेव्हा हुरडा, बोरं असं काहीतरी घेऊन यायचा. त्या दिवशी खांद्यावर बारदान होतं आणि चेहरा उतरलेला. बारदान त्यानं गिरणीच्या ओट्यावर ठेवलं तर धप्पकन आवाज आला. आत दगड होता. तपकिरी, काळपट, माझ्या हातभर लांब, आणि वरच्या अंगाला आडवे उंचवटे, एकामागं एक, रानात सऱ्या पाडाव्यात तसे. त्यावर शेंदूर फासलेला.

"इंदे, तू जनावरांचं शिकतीस न्हवं?" मामा म्हणाला. "हे काय हाय ते सांग."

मग त्यानं सगळं सांगितलं. पावसाळ्यात नदीची दरड ढासळली, तिच्यातनं हे निघालं. दाताची मुळं दिसत होती म्हणून गावानं ठरवलं की ही राक्षसाची दाढ. मारुतीची पूजा करणाऱ्या मल्लप्पाअण्णांनी ती देवळाच्या कट्ट्यावर ठेवली, शेंदूर लावला, नारळ फुटले. आणि मग मामाचा बैल गेला. मागोमाग दोन घरांत पोरं तापानं पडली. आता गावाचं म्हणणं, दाढ जिथनं आली तिथं परत पाठवायची. येत्या अवसेला, रविवारी, डोहात सोडायची. "गावाला इचारून आनलीया," मामा म्हणाला. "रविवारी न्यायची हाय माघारी. पन म्या म्हनलं, टाकायच्या आदी इंदीला दावू."

आईनं आतून बघितलं आणि जागेवरनंच सांगितलं, "हाड हाय ते. घरात न्हाय आणायचं." म्हणून दाढ गिरणीतच राहिली, डाळीच्या डब्यांशेजारी. दुपारच्या पाळीला मी तिच्यासमोर बसले. पट्टा फिरत होता, बायका डबे ठेवून जात होत्या, आणि मला तिच्यावरून नजर काढता येईना. सारखा हात लावून बघावासा वाटे. त्या उंचवट्यांचे माथे घासून सपाट झाले होते. एका टोकाला जास्त, दुसऱ्या टोकाला अगदी कमी. दगडाला दगड लागून खाच कशी झिजते ते मी जन्मभर बघत आले होते. मला कळलं, की ही वस्तू कधीतरी काम करत होती. हिनं काहीतरी दळलं होतं.

दुसऱ्या दिवशी मामानं ती कॉलेजात उचलून आणली. शेख सरांनी बारदान बाजूला केलं आणि वाकून उंचवटे एकेक करून मोजले. मग कपाटाच्या तळातून त्यांनी दुसरी दाढ काढली. कधीकाळी सोलापुरात आलेल्या सर्कशीतला हत्ती मेला होता, त्याची. दोन्ही टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या. एक आजची, एक नदीतली. भावंडं वाटावीत इतक्या सारख्या, आणि तरी एक नाहीत. सर्कशीच्या हत्तीची दाढ उंच, आणि तिच्यात पातळ पट्ट्या गच्च बसवलेल्या, पुस्तकाची पानं दाबून धरावीत तशा. मामाची दाढ बुटकी, उंचवटे थोडे, जाड, घराच्या आढ्यासारखे.

"ही झाडपाला खाणाऱ्याची असावी," सर म्हणाले. "आजच्या हत्तीला गवतही दळावं लागतं. गवत फार कचकचीत, दात झिजवतं."

"म्हणजे आधी भरड्याची चक्की, आता बारीक पिठाची," मी म्हणाले.

सरांनी माझ्याकडं वळून बघितलं. "तुमची गिरणी आहे, नाही का? मग तुम्हाला मी काय सांगणार. अगदी तसंच."

"म्हणजे हा आजच्या हत्तीचा आजा?"

"नाही. तिथं घाई करायची नाही. हा बहुतेक चुलत आजा. त्याची फांदी संपली. आपल्या हत्तीची फांदी वेगळी, पण खाली बुंध्याशी दोघं एक." त्यांनी खडू घेतला आणि पुन्हा ठेवून दिला. "एका दाढेवरून मीही काही मानलं नसतं. पण अशा हजारो निघाल्यात, ठिकठिकाणी. सगळ्यात खालच्या, जुन्या थरांत दोन-तीन उंचवट्यांच्या. वरच्या थरांत जास्त. त्याच्याही वर आणखी जास्त. क्रम कधी उलटा सापडला नाही. उद्या तुम्ही तळातल्या थरातून आजच्या हत्तीची दाढ काढून आणलीत, तर मी माझं पुस्तक गुंडाळून ठेवीन." मग मामाकडं वळून म्हणाले, "मामा, दाढ जितकी मोलाची तितकीच ती निघाली ती जागा. मला दरड बघायचीय."

मामा घुटमळला. गावाला रविवारी दाढ हवी होती. सर म्हणाले, रविवारीच येतो.

रविवारी मीही सरांबरोबर जाणार असं घरी सांगितलं तेव्हा आप्पांनी चक्की बंद केली. आप्पा तापट नव्हते, पण त्या आठवड्यात त्यांना हे नको होतं. पुढच्या बेस्तरवारी, म्हणजे गुरुवारी, अक्कलकोटची मंडळी मला बघायला यायची होती. पोरगी मास्तरबरोबर नदीला हाडं हुडकत फिरती हे त्यांच्या कानावर गेलं तर काय, हे त्यांनी बोलून दाखवलं नाही, पण मला ऐकू आलं. मी उभ्या उभ्या पदराचं टोक पिळत होते. तेवढ्यात आई आतून म्हणाली, "मी जातीया संगट. माजं म्हायेर हाय ते. भावाला भेटाया जायाचं तर कुणाचं काय जातंय?" आप्पांनी पुन्हा खटका दाबला.

रविवारी सकाळी आम्ही एसटीनं मंद्रूपला उतरलो आणि तिथून मामाच्या बैलगाडीनं निघालो. मामाला एकच बैल उरला होता, दुसरा शेजाऱ्याचा मागून आणलेला. दोन्हीकडं रानात शाळूची ज्वारी निसवून उभी होती, थंडी बोचत होती, आणि दाढ बारदानात बांधून माझ्या पायाशी. सर गाडीच्या मागच्या अंगाला पाय सोडून बसले होते आणि सारखे उतरून रस्त्याकडेचे खडे उचलत होते. त्यांनाही बसवत नाही हे बघून मला बरं वाटलं.

दरड दोन पुरुष उंच होती. मी लहानपणी तिच्याखाली पोहले होते आणि तिच्याकडं कधी बघितलं नव्हतं. वर काळी माती, शाळूची मुळं लोंबत असलेली. तिच्याखाली पिवळी माती, पांढऱ्या चुनखड्यांची. तिच्याही खाली वाळू आणि गोटे एकमेकांत घट्ट चिकटून दगडासारखे झालेले. मामानं हात ठेवून दाखवलं, दाढ या गोट्यांतून निघाली. सरांनी आम्हाला वरून खाली यायला सांगितलं, सावकाश, एकेक थर बघत. पिवळ्या मातीत मला बारीक शंख सापडले, नदीत आजही मिळतात तसलेच. गोट्यांच्या थरात मी ओणवी झाले आणि कडेला एक काळपट कड दिसली. मातीनं भरलेली, दगड झालेली बरगडी. ओढली तर मोडली असती. सर म्हणाले, राहू द्या, आधी जागा बघून ठेवा. मी तिच्यावर नुसता हात ठेवला. ती थंड होती. फळ्यावरचं चित्र मला कधी पटलं नव्हतं, आणि इथं कुणी काही पटवून देत नव्हतं. इथून पळत सुटावं आणि इथून कधी हलू नये, असं दोन्ही एकदम वाटत होतं.

आई दरडीसमोर उभी होती. पदर कमरेला खोचलेला. "मी ल्हान असताना मोटा पूर आल्ता," ती म्हणाली. "घरात पानी. वसरलं तवा उंबऱ्यावर गाळ राह्यला, हा, एवडा." तिनं दोन बोटांचं अंतर दाखवलं. मग तेच अंतर तिनं दरडीवर धरलं आणि मान वर करत करत काळ्या मातीपर्यंत गेली. "सर, मग हे येवडं सगळं चडायला किती पूर आलं असत्याल?"

"मला नेमकं सांगता येणार नाही, ताई," सर म्हणाले. "माणसाच्या हिशोबात न बसणारे."

आईनं हात खाली घेतला आणि दोन बोटांमधल्या त्या अंतराकडं बघितलं.

देवळासमोर माणसं जमली होती. मामीनं आम्हाला आधी धपाटे आणि दही खायला घातलं. मल्लप्पाअण्णा कट्ट्यावर बसले होते, थकलेले, कपाळाला विभूती, अर्धं कानडी अर्धं मराठी बोलणारे. त्यांनी शांतपणे विचारलं, "दाढ आनली?"

मामानं बारदान सोडलं. सर पुढं होऊन बोलू लागले, जीवाश्म, उत्क्रांती, थर, आणि मला दिसत होतं की लोकांचं लक्ष दाढेवरून सरांच्या बुटांवर, बुटांवरून आकाशाकडं चाललंय. एकजण म्हणाला, "सर, तुमचं खरं असंल. पन बैल मेला की न्हाय?"

मी मामीला म्हणाले, "बांधावर जनावराची कवटी पडलीय बघ, येताना दिसली. आणतेस?" मामीनं नाक मुरडलं, पण आणली. म्हशीचा जबडा होता, दात जागेवर. देवळाच्या सावलीत कुत्रं झोपलेलं. मामानं त्याचं तोंड उघडून धरलं. माझा आवाज घरच्यासारखा चढलेलाच होता, त्यामुळं सगळ्यांना ऐकू गेलं.

"अण्णा, राक्षस काय खातो?"

"मानसं खातो म्हनत्यात," अण्णा म्हणाले.

"म्हणजे मांस. हे बघा, मांस खाणाऱ्याचे दात. टोकदार, कात्रीसारखे. आणि हे म्हशीचे. सपाट, वर खाचा. चक्कीच्या दगडासारखे, चारा दळायला. आता या दाढेला हात लावा, आणि ही कुणाची ते तुम्हीच सांगा."

अण्णा उठले. आधी त्यांनी म्हशीच्या दातांवर बोट फिरवलं, मग शेंदूर लागलेल्या उंचवट्यांवर. पुन्हा म्हशीच्या. "चारा," ते म्हणाले. "हौदु, व्हय. ही चारा खानाऱ्याची हाय."

"मग ही राक्षसाची असेल, तर तो कडबा खात होता."

कुणीतरी हसलं, मग बरेच हसले. बायकासुद्धा. अण्णा हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "मग हिचा धनी कुटं गेला?"

"अशा जातीचे हत्ती आता कुठंच नाहीत. त्यांच्या भावकीतले राहिले, तेही बदलत बदलत आजचे झाले."

"आन् मानूस?" मागून कुणीतरी विचारलं.

सरांनी माझ्याकडं बघितलं. नको म्हणून, की बोल म्हणून, मला आजही सांगता येणार नाही. मी म्हणाले, "माणूससुद्धा."

हसणं थांबलं. दोघंतिघं उठून गेले. एकजण जाता जाता थुंकला. मामाचं तोंड पडलं. त्याला याच गावात राहायचं होतं. अण्णा कट्ट्यावर परत बसले. मग म्हणाले, "मानसाचं तुजं मला पटत न्हाय, पोरी. पन गरीब जनावर हाय हे. चारा खानाऱ्याला पान्यात बुडवून काय पुन्य लागनार? न्या तुमच्या कालेजात. देवाचा दगड म्हनून न्हाय देत. जनावर म्हनून देतोय, नीट ठेवा."

मी पुढं आयुष्यभर असल्या दगडांच्याच मागं फिरले. नर्मदेला गेले, गोदावरीला गेले, गुडघे त्यातच गेले. मोठमोठ्या सभांमध्ये बोलले. मारुतीच्या कट्ट्यावर बोलले तितकं कुठं नीट बोलल्यासारखं वाटलं नाही, आणि तिथंही अर्ध्याच माणसांना पटलं होतं. ती दरड आता नाही. वाळूसाठी यंत्रांनी सगळा काठ खाल्ला. ती बरगडी कुठल्या भिंतीत गेली असेल कुणास ठाऊक. दाढ तेवढी राहिली.

त्या दिवशी परतीच्या एसटीत जागा खिडकीशी मिळाली. सर पुढं उभे होते, बारदान दोन पायांत धरून. आई बाहेर बघत होती. शाळूवर ऊन कलतं झालं होतं. हत्तूर गाव मागं पडलं तरी तिनं मान वळवली नाही. मला वाटलं, माणूससुद्धा म्हणाले ते तिला लागलं. मी पुन्हा पदराचं टोक पिळायला सुरुवात केली.

"हे बदलनं," आई एकदम म्हणाली, "थांबलंय का आता?"

"नाही आई. थांबत नाही ते."

"हं. ते सर म्हनत व्हते, पुण्यात अशी लई हाडं ठेवल्याती म्हनं."

"हो."

"ती शिकाया किती वर्सं लागत्यात?"

मी सांगितलं, आधी दोन, मग पुढचं पुढं. आईनं मान हलवली. सोलापुरात सात रस्त्याला आम्ही उतरलो. गाड्यांचा गलका, धूर, रिक्षावाले हाका मारत होते. सर निरोप घेऊन बारदान खांद्यावर टाकून गेले. मी रिक्षा बघू लागले, तर आईनं माझा दंड धरला आणि रस्त्याच्या कडेला थांबवलं.

"अक्कलकोटवाल्यांस्नी उद्याच निरोप धाडायचा. बेस्तरवारी येऊ नका म्हनायचं," ती म्हणाली. "तुज्या आप्पाचं मी बगते. चार दिस बोलायचा न्हाय माज्याशी. न्हाय तर न्हाय."

आईनं पदर डोक्यावरून पुढं ओढला, रिक्षाला हात केला आणि आत बसता बसता म्हणाली, "पुण्याला थंडी लई असती म्हनं. दोन गोधड्या लागतील तुला."